खानदेशातील कासवांची खानेसुमारी

एरंडोलला पाहुणा आला, की त्याला दाखवावयाच्या गोष्टी ठरलेल्या असतात. आधी गावातला पांडववाडा, मग दहाएक किलोमीटरवरचा पद्मालयाचा गणपती, आणि पायांत जोर उरला असेल तर पुढचे भीमकुंड. एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुर मारला तो येथेच, हे आम्ही एरंडोलकर मोठ्या अभिमानाने सांगतो. पाहुणाही भिडेखातर मान डोलावतो. पद्मालयाच्या तळ्यातील कमळांचे कौतुक होते आणि मंडळी चहा पिऊन परततात. आमच्या अंजनी नदीत काय राहते, गिरणेच्या डोहात काय राहते, असे आजवर एकाही पाहुण्याने मला विचारले नाही. विचारले ते सातवीतल्या एका मुलीने.

मी तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकविले. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ चालू होता. फळ्यावर कासवाची आकृती काढून मी हात झटकीत होतो, तोच ही मुलगी उठून म्हणाली, "सर, हे आपल्या अंजनीतले का?" आता आकृती होती पुस्तकातली. पुस्तकातल्या कासवाला गाव नसते. त्या रात्री घरी होते नव्हते तेवढे ग्रंथ काढून बसलो. एकात लिहिले होते, 'द्वीपकल्पात सर्वत्र'. दुसऱ्यात, 'मध्य व दक्षिण भारत'. 'सर्वत्र' हा शब्द लिहिणाऱ्याला फार सोयीचा असतो. वाचणाऱ्याच्या गावापर्यंत तो काही पोचत नाही.

मग निवृत्त झाल्यावर हे खूळ मी मनावर घेतले. भाच्याची मोटारसायकल, त्याचाच कॅमेरा, माझी जुनी दुर्बीण आणि तालुक्याचा एक मोठा नकाशा एवढे आमचे भांडवल. घरात अर्थातच थट्टा झाली. "लोक पेन्शनीत काशीला जातात, तुम्ही कासवांना निघालात," असे ऐकावे लागले. पण दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे आम्ही मामा-भाचे अंजनी, गिरणा, तापी आणि धुळ्याकडची पांझरा यांच्या काठांनी हिंडलो. त्या भ्रमंतीतून जे हाती आले ते दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम थोडी ओळख करून द्यावयास हवी. जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली मिळून भारतात कासवांच्या तिसाच्या आसपास जाती आहेत. त्यांतला सिंहाचा वाटा गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांच्या खोऱ्यांनी उचललेला आहे. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला मोजक्याच आल्या. खानदेशात शोध घ्यावयाचा तो मुख्यतः तिघांचा. पहिले आपले नेहमीचे पाणकासव. दुसरे काळे कासव. आणि तिसरे नदीच्या खोल डोहात राहणारे, मऊ पाठीचे मोठे कासव. पहिल्या दोघांची गाठ पडणे अवघड नाही. तिसऱ्यासाठी मात्र आम्ही अजून वणवण करीत आहो, आणि या लेखाचे खरे कारणही तेच आहे.

पाणकासवाची पाठ म्हणजे कवड्यांच्या पेटीसारखी कडक चौकटींची नव्हे. वरून गुळगुळीत कातडे, खाली हाड. आकार साधारण वीत-सव्वा वीत, रंग शेवाळी तपकिरी. गंगेकडच्या त्याच्या भाऊबंदांच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. आमच्याकडच्यांच्या पाठीवर तसे ठसठशीत ठिपके दिसत नाहीत. नाकाची लहानशी सोंड. पण त्याची खरी खूण मागच्या बाजूला, खाली आहे. दोन्ही मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात. भ्याले की ते पाय आत ओढून घेते आणि झडपा लावून टाकते, जणू दुपारच्या वेळी दुकानदाराने फळ्या लावाव्यात. या झडपांवरूनच इंग्रजीत त्याला फ्लॅपशेल म्हणतात. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे एका म्हाताऱ्या भोयाच्या साक्षीत तिचे काम पडणार आहे.

हे प्राणी खानदेशात टिकले कसे, हे नवल वाटण्यासारखे आहे. आमचा उन्हाळा वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा कोठे जातो ते वर्तमानपत्रात छापून येते आणि मुंबईचे लोक चुकचुकतात. अंजनीसारख्या नद्या तेव्हा नुसत्या रेघा उरतात, तळ्यांची तळी भेगाळतात. पाणी आटू लागले की पाणकासव चिखलात शिरते आणि वरचा थर वाळून कडक झाला तरी आत पडून राहते. खाणे नाही, हालचाल नाही. मृगाचा पाऊस पडला की माती भिजते, आणि ज्या जागेवरून आदल्या आठवड्यात पोरांनी क्रिकेट खेळले तेथून एक सोंडेचे डोके वर येते. बेडूक, गोगलगाई, मासे, मेलेले जनावर, पाणवनस्पती, काहीही चालते. अशा प्राण्याची गरिबी सोसण्याची ताकद मोठी.

त्यामुळे पाणकासव शोधावयाचे तर तळ्याच्या काठी दुर्बीण लावून बसण्यापेक्षा जूनच्या पहिल्या दोन-चार पावसांनंतर रस्त्याने हिंडावे. या दिवसांत ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे चालत निघतात. पहिल्या वर्षी भल्या सकाळी भाच्याने गाडी एकदम थांबविली. "मामा, दगड चालतोय." रस्त्याच्या मधोमध एक मध्यम आकाराचे पाणकासव मान लांब करून, निश्चयाने चालले होते. आमची चाहूल लागताच मान आत, पाय आत, झडपा बंद. आम्ही फोटो घेतले, मागून येणारा दुधाचा टेम्पो हात करून थांबविला, आणि ज्या दिशेला त्याचे तोंड होते त्याच बाजूला त्याला उचलून ठेवले. दिशा बदलू नये. तुम्ही मागे ठेवले तर ते पुन्हा रस्त्यावर येते. धुळे-जळगाव महामार्ग आमच्या एरंडोलवरूनच जातो. आता तो रुंद झाला आहे आणि मध्ये सिमेंटचा दुभाजक आला आहे. दुभाजकाची उंची माणसाला काहीच नाही. वीतभर प्राण्याला मात्र ती भिंत आहे, आणि भिंतीशी अडखळलेल्या कासवाला मागून येणारी मालमोटार दिसत नाही.

दुसरे, काळे कासव, याची पाठ मात्र आपण लहानपणी चित्रात रंगवितो तशी कडक. तिच्यावर लांबीने गेलेले तीन कणे असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील 'ट्रायजुगा' हा शब्द याच तीन कण्यांवरून आला. साठलेले, झाडोऱ्याचे पाणी त्याला आवडते. ओंडक्यावर ऊन खात बसलेले दिसले तर दिसते, एरवी फार लाजाळू. आम्हांला मिळालेले पहिले काळे कासव एका जुन्या, पायऱ्यांच्या विहिरीत होते, आणि तेथेच आमच्या खानेसुमारीतला पहिला पेच उभा राहिला.

कारण विहिरीतले कासव कोठले म्हणून मांडावयाचे? आपल्याकडे विहिरीत कासव सोडण्याची जुनी चाल आहे. किडे-अळ्या खाऊन ते पाणी चोख ठेवते, असा समज. मळ्याच्या मालकिणीला विचारले, "अक्का, हे येथलेच का हो?" तर म्हणाल्या, सासऱ्यांनी कोण्या पाहुण्यांकडून पोत्यात घालून आणले होते. पाहुणे कोठले? ते आता सांगणारे कोणी नाही. देवळांच्या तळ्यांचेही तेच. नवस फेडावयास, पुण्य जोडावयास लोक लांबून लांबून कासवे आणून सोडतात. देवाच्या पाण्यात त्यांना कोणी हात लावीत नाही हे चांगलेच. पण ती तेथली रहिवासी की पाहुणी, हे कळावयास मार्ग नाही. जनगणनेचा कारकून धर्मशाळेत शिरला म्हणजे त्याची जी गत होते ती आमची झाली. शेवटी नियम ठरविला, की विहिरीतली आणि देवळातली कासवे वेगळ्या वहीत.

याच वहीत एका परदेशी पाहुण्यासाठीही कोरे पान ठेवले आहे. शहरांतल्या मत्स्यपेट्यांच्या दुकानांतून रुपयाएवढी हिरवीगार पिल्ले विकतात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. ती अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. वर्ष-दोन वर्षांत ती ताटलीएवढी होतात, चावू लागतात, आणि मग घरातली मंडळी दयाबुद्धीने ती जवळच्या तळ्यात सोडून येतात. मुंबई-पुण्याच्या पाण्यांत ती अशीच पोचली. दिवाळीच्या खरेदीत मुलाने हट्ट धरला तर एवढे लक्षात असू द्यावे.

आता नखांची गोष्ट. तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल, की अमुक ठिकाणी 'वीस नखी' कासव विकताना टोळी पकडली. अशा कासवाने धनाचा हंडा सापडतो, पैशांचा पाऊस पडतो, अशी भोंदूंनी उठविलेली हूल आहे, आणि तिच्यापायी कितीतरी मुके जीव पोत्यांत कोंबले जातात. मला याचा फार संताप येतो. पण शास्त्राच्या मास्तराने संतापण्याऐवजी नखे मोजावीत. पाणकासवाच्या प्रत्येक पायाला नखे तीन. चार पायांची झाली बारा. मऊ पाठीच्या मोठ्या कासवाचीही बारा; त्या साऱ्या कुळाचे नावच ग्रीक भाषेत 'तीन नखांचे' असे आहे. काळ्या कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. आमच्या नद्यांतल्या कोणत्याही कासवाचा हिशेब विसावर जात नाही. ज्यांना पैशांचा पाऊस हवा आहे त्यांनी निदान बेरीज तरी शिकावी!

या धंद्यामुळेच मी या लेखात एकाही तळ्याचे, डोहाचे नाव देणार नाही, जेथे आम्हांला कासव प्रत्यक्ष दिसले. नदीचे नाव देईन, पाण्याचे वर्णन करीन, पण जागा नाही. काही वाचक रागावतील. नकाशा काढावयाचा आणि तो दाखवावयाचा नाही, हा कसला शोध? पण तसेच करणे भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाणकासवाला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसविले आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा. वनखात्याच्या परवान्याशिवाय अभ्यासासाठीही जाळे लावता येत नाही. म्हणून आम्ही जाळे लावले नाही. रस्त्यावर अडकलेली सोडता कासव हातात घेतले नाही. पाहणे, फोटो काढणे आणि माणसांना विचारणे, एवढ्यावर आमचे काम.

त्यातले विचारणे सर्वांत अवघड. 'तुमच्या नदीत मोठे कासव आहे का?' असे विचारले तर खानदेशी माणूस आलेल्याला निराश करीत नाही. "शे ना भाऊ, पानीमा शे," हे उत्तर ठरलेले. म्हणून भाच्याने जाड पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून पत्त्यांसारखा जोड तयार केला. त्यात आमची तीन कासवे होती, जमिनीवरचे चांदणीच्या नक्षीचे कासव होते, आणि मुद्दाम घातलेले एक समुद्री कासव होते, ज्याचा खानदेशाशी काडीचा संबंध नाही. जो माणूस समुद्री कासवावर बोट ठेवून "हे काल पाहिले" म्हणेल त्याची साक्ष आम्ही नम्रपणे चहा पाजून बाजूला ठेवीत असू. असा पुष्कळ चहा पाजला.

नकाशावरच्या खुणाही त्याप्रमाणे तीन केल्या. स्वतः पाहिले तेथे शाईचा ठिपका. विश्वासू माणसाने सांगितले तेथे शिसपेन्सिलीचा. आणि चारदा, वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन काही दिसले नाही तेथे शून्य. भाच्याला शून्ये काढावयाचा कंटाळा येई. त्याचे म्हणणे, जेथे काही नाही तेथे काय लिहावयाचे? पण शून्य आणि कोरी जागा यांत फरक आहे. कोऱ्या जागेचा अर्थ, तेथे कोणी गेले नाही. ग्रंथांतल्या नकाशांवर कासवांचे ठिपके दाट दिसतात ते बरेचदा पाहणारे दाट असतात म्हणून. आमच्या भागात पाहणारेच विरळ.

धुळ्याकडच्या पांझरेच्या काठी मात्र पाहणारे भेटले, आणि तेही पगारी. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फडपद्धत चालत आली आहे. नदीवर एकामागून एक दगडी बंधारे, त्यांतून काढलेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाणी वाटावयास पाटकरी, राखण करावयास जागल्या. हा पाटकरी दिवस-रात्र पाण्याबरोबर चालतो. पाटात कोठे खेकड्याने भगदाड पाडले, कोठे कासव अडले, त्याच्याइतके कोणाला ठाऊक? अशा एका पाटकऱ्याने आमचे पत्ते हातात घेतले, समुद्री कासव न विचारता काढून टाकले, आणि पाणकासव व काळे कासव यांची दोन वेगळी ठिकाणे सांगितली. पाटाच्या चिखलात पहिले, बंधाऱ्यामागच्या साचल्या पाण्यात दुसरे. आम्ही गेलो आणि दोन्ही बरोबर निघाली. माणसाने अडविलेले पाणी प्राण्यांना बाधतेच असे नाही. बंधारा बुटका असला, नदी त्याच्यावरून वाहत राहिली, काठ मातीचा राहिला, तर कासव त्यात संसार मांडते.

याच्या उलट आमची नवी शेततळी. दुष्काळी भागात ती फार उपयोगाची, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरतात, आणि तळ्याच्या बाजू असतात उभ्या उतरणीच्या. पाण्याच्या वासाने कासव आत उतरते, पण त्या निसरड्या कागदावरून त्याला वर येता येत नाही. एका शेतकऱ्याने आमच्या सांगण्यावरून जुन्या गोणपाटाची पट्टी काठावरून आत सोडून ठेवली. बेडूक, सरडे तिच्यावरून चढताना त्याने स्वतः पाहिले. खर्च काही नाही.

आता तिसरे कासव. उत्राण हे आमच्या तालुक्यातले गिरणाकाठचे गाव. लिंबांच्या बागांचे आणि, अलीकडे, वाळूचे. त्या टापूत गिरणेच्या काठी एक वृद्ध भोई भेटले. आयुष्य डोहात जाळे टाकण्यात गेले. आता दृष्टी अधू झाली आहे, पण पत्ते डोळ्यांजवळ धरून एक-एक पाहिले. समुद्री कासव आले तसे हसून म्हणाले, "याले पाय कोठे शेत? ह्या त वल्ह्या शेत!" मी मनात म्हटले, साक्षीदार पक्का आहे. मग त्यांनी दोन चित्रे मांडीवर वेगळी ठेवली. एक पाणकासवाचे. दुसरे मऊ पाठीच्या मोठ्या कासवाचे.

मी त्यांना सुचेल असे काही बोललो नाही. एवढेच विचारले, "आबा, या दोघांत फरक काय?" आबा म्हणाले, लहान आहे ते पाय झाकून घेते, मोठे पाय झाकीत नाही, त्याला झाकावयाला काही नसतेच. मोठे काठवटीएवढे होते, पाठ परातीसारखी सपाट, आणि मान अशी मागे वळवून चावते की बोट जावयाचे. उथळ पाण्यात वाळूत पुरून घेते आणि नुसते नाक लांब करून वर काढते. शेवटचे कधी पाहिले? आबांनी साल सांगितले नाही. म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात डोह आटला तेव्हा एक निघाले होते. त्यानंतर जाळ्यात आले नाही.

हे सारे वर्णन शास्त्राशी अक्षरशः जुळते. मोठ्या मऊ कासवाला झडपा नसतात, ते वाळूत दडून लांब मानेने श्वास घेते, आणि चिडले की चावते. हे ज्या माणसाने ग्रंथ पाहिला नाही त्याने सांगितले. तरीही मी तेथे शाईचा ठिपका दिला नाही. पेन्सिलीचाच दिला, आणि शेजारी १९७२ लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव कायदा झाला, हा योगायोग भाच्याने दाखवून दिला.

गिरणेत असे कासव होते हे एवढे महत्त्वाचे का, असे कोणी विचारील. त्यासाठी जरा भूगोल पाहावा लागतो. उत्तरेकडे गंगेच्या खोऱ्यात मऊ पाठीचे एक मोठे कासव आहे. दक्षिणेकडे कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत त्याचे चुलतभावंड आहे, त्याला लीथचे कासव म्हणतात. मुंबईच्या लष्करी सेवेतील डॉक्टर लीथ यांच्या नावावरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली हे नाव दिले. ज्या नमुन्यावरून दिले तो आपल्या पुण्याचा. पुण्याचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. हे कासव दोन फुटांपर्यंत वाढते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल चित्रे असतात, ती मोठेपणी पुसट होतात. आज जगात अतिसंकटग्रस्त म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांत ते आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताने मागणी केली आणि त्याचा देशोदेशींचा व्यापार बंद झाला.

आता आमची तापी या दोन घराण्यांच्या मधोमध. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सव्वासातशे किलोमीटर पश्चिमेला वाहते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. डोंगराच्या पलीकडचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला, अलीकडचे गिरणेतून तापीला. पाण्यातल्या प्राण्याला डोंगर ओलांडता येत नाही. मग आबांच्या काठवटीएवढ्या कासवाचे घराणे कोणते, उत्तरेचे की दक्षिणेचे? पिल्लाच्या पाठीचा एक चांगला फोटो, किंवा डोक्यावरच्या काळ्या रेघांचा, एवढे मिळाले तरी जाणकार सांगू शकतील. तोच नाही. चार हिवाळी सकाळी आणि तितक्याच उन्हाळी संध्याकाळी त्या टापूत काढल्या. तेथे पेन्सिलीच्या ठिपक्याशेजारी शून्य काढावे लागले.

कारण शोधावयास फार खोल जावयास नको. १९६९ साली नांदगावजवळ गिरणेवर मोठे धरण पूर्ण झाले. १९७२ मध्ये तापीवर गुजरातेत उकाई, १९८२ मध्ये भुसावळजवळ हतनूर. या धरणांवर आमचे पिण्याचे पाणी, केळी आणि ऊस चालतात. मी स्वतः त्याच पाण्यावर जगतो, तेव्हा त्यांना नावे ठेवणार नाही. पण नदीचे चालणे बदलले. पूर्वी पूर येई, नवी वाळू पसरवी, डोह खरवडून खोल करी. आता गिरणा उन्हाळ्यात वाहते ती धरणातून आवर्तन सुटले म्हणजे, एरवी थांबते. काठाच्या वाळूत अंडी असली तर आवर्तनाचे पाणी अचानक चढून ती बुडवते. आणि वाळू तरी कोठे राहिली? डंपर आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस ती उचलतात. उत्राणच्या बाजूस कितीएक ठिकाणी तळाची काळी माती आणि खडक उघडे पडले आहेत. ज्या प्राण्याला दडावयास वाळू, अंड्यांना वाळू आणि उन्हाळा काढावयास खोल डोह लागतो, त्याच्या घरातले छप्पर, पाळणा आणि कोठार एकाच वेळी उचलून नेले. पाणकासव चिखलावर भागवते म्हणून ते उरले.

या सगळ्यात लोकांना कासवाबद्दल प्रेम नाही असे मुळीच नाही. महादेवाच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असते, त्याला हात लावल्याशिवाय कोणी आत जात नाही. कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते ही कल्पना संतांना किती प्रिय! प्रत्यक्षात ती अंडी पुरते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिले तिला पुन्हा दिसतही नाहीत. पोसणारी असते ती वाळूची ऊब. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली गेली, आणि आज तेथे पिले समुद्रात जाताना पाहावयास मुंबई-पुण्याहून कुटुंबेच्या कुटुंबे जातात. नदीच्या कासवाला अजून असा काठ मिळालेला नाही.

येत्या उन्हाळ्यात आमचा बेत रामेश्वरला जाण्याचा आहे, जेथे गिरणा आणि अंजनी तापीला भेटतात. संगमावर पाणी टिकते, आणि भोई मंडळींची वस्ती जुनी. तिकडून पुढे मुडावदचा तापी-पांझरा संगम. परवा आबांना हे सांगितले, तर म्हणाले, सापडले तर मला सांगा, गावात सांगू नका.

आता वाचकांकडे एक काम आहे. या अंकाच्या वाचकांत मूळचे खानदेशी पुष्कळ असतील. आज मुंबईस, पुण्यास, कोणी त्याहूनही लांब स्थायिक झालेले. दिवाळीत घरी आजोबा, आजी, आत्याबाई येतील. गिरणेत, तापीत पोहलेली ती शेवटची पिढी. फराळाच्या वेळी त्यांना विचारावे, की लहानपणी नदीत मोठे कासव पाहिले होते का? कोणत्या डोहात? लग्न, दुष्काळ, पूर अशा कोणत्या गोष्टीच्या आगेमागे? त्यांच्या तोंडी शब्द घालू नका, ते जसे बोलतील तसे लिहून ठेवा. आणि शेवटी एवढे अवश्य विचारा, की ते मागचे पाय झाकून घेत होते, की नाही?